एकाच लायब्ररीच्या दोन विसंगत आवृत्त्यांची मागणी: पिपमधील हा पेच कसा सोडवावा?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. आमच्या एका पायथन सेवेत पायडँटिक या, आलेली माहिती ठरलेल्या नमुन्यात आहे का ते तपासणाऱ्या लायब्ररीच्या आवृत्तीवरून पेच निर्माण झाला आहे. त्यातून सुटण्याचे जे मार्ग दिसतात त्यांपैकी एकही मला निर्धोक वाटत नाही, म्हणून तपशील सविस्तर मांडतो.

सेवेला दोन पॅकेजे लागतात. पहिले आमच्याच संस्थेतील दुसऱ्या गटाने सांभाळलेले अंतर्गत पॅकेज आहे. त्याला येथे 'सामाईक-नमुने' म्हणू. त्याच्या ३.४ या आवृत्तीत पायडँटिकची अट '१.९ किंवा त्यापुढील, परंतु २ च्या आतील' अशी लिहिलेली आहे. दुसरी, एका बाह्य सेवेशी संवाद साधणारी क्लायंट लायब्ररी आहे आणि तिला पायडँटिक २.५ किंवा त्यापुढील हवे आहे. दोन्ही पॅकेजे सेवेच्या एकाच प्रक्रियेत चालतात.

डॉकरफाइलमध्ये (सेवा कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलीत) दोन्हींसाठी 'पिप इन्स्टॉल'च्या, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या, दोन वेगळ्या ओळी होत्या: आधी सामाईक-नमुने, नंतर क्लायंट. बिल्ड कोणतीही तक्रार न करता पूर्ण झाले, परंतु सेवा सुरू होताच 'बेससेटिंग्ज हा वर्ग आता पायडँटिक-सेटिंग्ज या पॅकेजात हलवला आहे' अशा आशयाची इम्पोर्ट एरर देऊन ती बंद पडली. त्यानंतर दोन्ही नावे एकाच रिक्वायरमेंट्स फाइलीत लिहिली, तेव्हा पिपने 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल' असे सांगून काम तेथेच थांबवले. शेवटी सामाईक-नमुनेवरची '३.४ हीच आवृत्ती हवी' ही अट काढून पाहिली. आश्चर्य म्हणजे इन्स्टॉल यशस्वी झाले, पण बसली ती २.१ ही फार जुनी आवृत्ती, जिच्यात आम्हाला हवे असलेले निम्मे वर्गच नाहीत.

माझे प्रश्न असे. दोन्ही आवृत्त्या एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये शेजारी शेजारी ठेवता येतात का? येत नसतील, तर '२ च्या आतील' ही अट दुर्लक्षित करण्याची सक्ती पिपवर करता येते का, आणि करता येत असली तरी करावी का? आणि लॉक फाइल वापरली असती तर हा प्रसंग टळला असता का? दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की त्यांच्या पॅकेजवर इतर अनेक सेवा अवलंबून आहेत आणि त्या अजून पायडँटिक १ वर आहेत, त्यामुळे संपूर्ण स्थलांतर होईपर्यंत ते मर्यादा उठवणार नाहीत.

जुनी_फांदी

तुम्ही जे तीन प्रयोग केले त्यांत पिपने तीन वेगवेगळ्या प्रकारे वागून दाखवले आहे, आणि तिन्ही वागणुकी समजून घेतल्या तर अर्धे काम होते.

पहिला प्रयोग, म्हणजे दोन ओळी. पिपचा रिझॉल्व्हर, म्हणजे कोणत्या आवृत्त्या बसवायच्या ते ठरवणारा भाग, प्रत्येक आज्ञेपुरता विचार करतो. दुसऱ्या ओळीत त्याला फक्त क्लायंट लायब्ररी मागितली गेली. तिच्यासाठी पायडँटिक २ लागते, म्हणून त्याने आधीचे १ काढून २ बसवले. आधी बसलेल्या पॅकेजांच्या अटी यामुळे मोडल्या तर तो शेवटी तसे छापतो, आणि आपण आधीपासून असलेली सर्व पॅकेजे विचारात घेत नाही हेही त्याच संदेशात सांगतो. मात्र तो संदेश छापूनही आज्ञा यशस्वी झाली असेच मानले जाते आणि एक्झिट कोड शून्यच राहतो. डॉकरला फक्त तो शून्य दिसतो. तुमच्या बिल्डच्या नोंदी काढून पाहा, ती ओळ तेथे नक्की सापडेल. यावरचा उपाय स्वस्त आहे: सर्व पॅकेजे एकाच आज्ञेत द्यावीत आणि त्यानंतर 'पिप चेक' चालवावे. बसलेल्या पॅकेजांच्या अटी एकमेकींशी जुळत नसतील तर 'पिप चेक' शून्येतर कोड देते, त्यामुळे बिल्ड तेथेच अडते आणि प्रॉडक्शनपर्यंत काही पोहोचत नाही.

दुसरा प्रयोग. 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल' ही चूक नसून उत्तर आहे. २०.३ या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून, पिपमध्ये मागे फिरून पर्याय तपासणारा रिझॉल्व्हर आला. त्यापूर्वीचा पिप एखाद्या पॅकेजची जी अट प्रथम सापडे तीच धरून पुढे जात असे आणि नंतर आलेली विसंगत अट मुकाट्याने सोडून देत असे. आज जे संघर्ष पिप तोंडावर सांगतो ते तेव्हाही होतेच. फरक इतकाच की ते इन्स्टॉलच्या वेळी न दिसता रात्री-अपरात्री रनटाइमला दिसत.

तिसरा प्रयोग सर्वांत फसवा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तुम्ही ३.४ ची अट काढल्यावर रिझॉल्व्हर एकेक पायरी मागे जात राहिला: ३.४ मध्ये '२ च्या आतील', ३.३ मध्येही तेच, आणि असे करत तो २.१ पर्यंत पोहोचला. माझा अंदाज असा की २.१ ही पायडँटिक २ येण्यापूर्वी, म्हणजे जून २०२३ च्या आधी प्रसिद्ध झालेली असेल आणि तिच्यात केवळ खालची मर्यादा असेल, वरची नसेल. रिझॉल्व्हरला कोड वाचता येत नाही, तो फक्त मेटाडेटा, म्हणजे पॅकेजसोबत लिहिलेल्या अटींची नोंद, वाचतो. कागदोपत्री २.१ कोणत्याही भावी पायडँटिकशी जुळते, म्हणून त्याने ती निवडली. प्रत्यक्षात तिच्यातही बेससेटिंग्ज जुन्याच ठिकाणाहून घेतलेले असणार आणि तीही सुरू होताच पडणार. वरची मर्यादा एखाद्या आवृत्तीपासून पुढे घालायला सुरुवात केली की मागच्या अमर्याद आवृत्त्या हा असा चोरदरवाजा म्हणून उरतात. अंतर्गत रजिस्ट्रीवर त्या जुन्या आवृत्त्या 'यँक' करता येत असतील तर दुसऱ्या गटाला तसे सुचवा. यँक केलेली आवृत्ती नेमकी तिचाच आकडा लिहून मागितल्याशिवाय रिझॉल्व्हर निवडत नाही.

आता तुमचा मधला प्रश्न, सक्तीचा. आधी हे विचारा की '२ च्या आतील' ही अट खरी आहे का. अनेक मर्यादा केवळ सावधगिरीपोटी लिहिलेल्या असतात: पुढची मोठी आवृत्ती आलेलीही नसते, कोणी तपासलेलीही नसते, तरी कुंपण घातलेले असते. तशी मर्यादा ओलांडण्यात फारसा धोका नसतो. तुमची तशी नाही. पहिल्या प्रयोगात सामाईक-नमुने ३.४ आणि पायडँटिक २ नकळत एकत्र बसलेच होते, आणि परिणाम तुम्ही स्वतः पाहिला आहे. म्हणजे अट खरी आहे. तिच्यावर सक्ती करणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पिपमध्ये अशी सक्ती करण्याची सरळ सोयही नाही. कन्स्ट्रेंट्स फाइल निवडीची मर्यादा अधिक अरुंद करू शकते, पण दुसऱ्या पॅकेजने घातलेली मर्यादा ती रुंद करू शकत नाही. यूव्ही आणि पीडीएम या पिपऐवजी वापरता येणाऱ्या साधनांत 'ओव्हरराइड' (दुसऱ्या पॅकेजची अट बाजूला सारण्याची सोय) आहे, पण येथे त्याचा उपयोग नाही. 'नो-डेप्स' (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे न बसवणे) हा पर्याय तर सुचवूही नये असा: पायडँटिक २ ची प्रत्येक आवृत्ती तिचा गाभा असलेल्या पायडँटिक-कोअर या वेगळ्या पॅकेजच्या नेमक्या एकाच आवृत्तीवर बांधलेली असते, आणि नो-डेप्सने ती गाठच सुटते.

बायनरी_वाचक

पहिल्या प्रश्नावर, म्हणजे दोन आवृत्त्या शेजारी ठेवण्यावर, थोडे लिहितो, कारण 'जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये जमते मग पायथनमध्ये का नाही' हा प्रश्न यानंतर येणारच.

पायथनमध्ये इम्पोर्ट झालेले प्रत्येक मॉड्यूल 'सिस.मॉड्यूल्स' या एका कोशात त्याच्या नावाने साठवले जाते. 'पायडँटिक' या नावाला तेथे एकच जागा आहे. डिस्कवर दोन फोल्डरांत दोन आवृत्त्या ठेवल्या तरी जी आधी इम्पोर्ट होईल तीच त्या प्रक्रियेतील सर्वांना मिळेल. पॅकेजे जेथे बसतात त्या साइट-पॅकेजेस फोल्डरातही त्या नावाला एकच जागा असते. म्हणून पिपला सर्वांचे समाधान करणारी एकच आवृत्ती शोधावी लागते, आणि तशी नसेल तर हात वर करावे लागतात.

नोडमध्ये प्रत्येक पॅकेजच्या पोटात स्वतःचे 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर असू शकते आणि शोध आतून बाहेर होतो, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन प्रती सुखाने नांदतात. रस्ट भाषेच्या कार्गो या पॅकेज साधनातही परस्परांशी विसंगत अशा मोठ्या आवृत्त्या एकाच प्रोग्रॅममध्ये जोडता येतात. पण ही सोय फुकट मिळत नाही. रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती एका पानावर आल्या की 'इनव्हॅलिड हुक कॉल' ही तक्रार येते, कारण हुकची (पानाच्या भागाची माहिती सांभाळणाऱ्या सोयीची) स्थिती एका प्रतीत असते आणि विचारणा दुसरीकडे होते. एनपीएमने (नोडच्या पॅकेज साधनाने) पीअर डिपेंडन्सी, म्हणजे मूळ प्रकल्पाचीच प्रत वापरण्याच्या अटी, आणल्या त्या याच कारणासाठी, आणि एनपीएम ७ पासून त्यांचा संघर्ष झाला की इन्स्टॉल अडते. कार्गोमध्ये कंपायलर सांगतो की अपेक्षित टाइप अमुक होता आणि मिळाला तोही अमुकच. दोन्हींचे नाव अक्षरशः सारखे, पण एक एका आवृत्तीतला आणि दुसरा दुसरीतला. तेथे 'कार्गो ट्री' दुहेरी प्रती दाखवण्याच्या पर्यायासह चालवले की गुंता कोठे आहे ते दिसते. सारांश, दोन प्रती चालतात त्या केवळ त्या लायब्ररीचे टाइप किंवा स्थिती पॅकेजांच्या सीमेपलीकडे जात नाहीत तोपर्यंत.

जावात तर संघर्ष आहे हे कळतच नाही अशी परिस्थिती असते. तेथील बिल्ड साधनांपैकी मेव्हन मूळ प्रकल्पापासून सर्वांत जवळ असलेली आवृत्ती घेतो, मग ती जुनी का असेना; ग्रेडल साधारणपणे मागितलेल्यांपैकी सर्वांत वरची घेतो. दोघेही तक्रार न करता निवड करतात आणि 'नो सच मेथड एरर' नंतर दिसते. मेव्हनमध्ये एन्फोर्सर प्लगइनचा 'डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स' हा नियम मुद्दाम चालू करावा लागतो, तेव्हा कोठे ते बोलके होते.

गो भाषेत हा प्रश्न मुळातच निराळ्या रीतीने हाताळला आहे. मोठी आवृत्ती बदलली की इम्पोर्टचा मार्गच बदलतो, त्याला 'व्ही२' असा शेपटाचा भाग लागतो, आणि नाव वेगळे झाल्यामुळे दोन्ही एकत्र राहू शकतात. एकाच नावाखाली मात्र वरची मर्यादा लिहिण्याची पद्धतच नाही. सर्वांनी मागितलेल्या किमान आवृत्त्यांतली सर्वांत वरची घेतली की काम झाले. त्यामुळे मागे फिरून शोधण्याची गरज पडत नाही. इतरत्र, जेथे प्रत्येक पॅकेज दोन्ही बाजूंच्या मर्यादा घालू शकते आणि एका नावाला एकच आवृत्ती चालते, तेथे योग्य संच शोधणे हा सर्वसाधारणपणे एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवण्याची हमखास रीत माहीत नसलेला, प्रश्न आहे. म्हणूनच कधी कधी पिप एखाद्या पॅकेजच्या डझनावारी आवृत्त्या उतरवत बसलेला दिसतो आणि मर्यादा अधिक कडक करून द्या असे सुचवतो.

पिपचा संदेश पुरेसा स्पष्ट वाटत नसेल तर तीच रिक्वायरमेंट्स फाइल केवळ वाचनासाठी यूव्हीला देऊन पाहा. त्याचा रिझॉल्व्हर पबग्रब या अल्गोरिदमवर आधारलेला आहे, जो डार्टच्या पब या पॅकेज मॅनेजरसाठी तयार झाला. 'अमुक असल्यामुळे तमुक, आणि तमुक असल्यामुळे अशक्य' अशी कारणांची साखळी तो वाक्यांत मांडतो. तुमच्या उदाहरणात साखळी दोनच कड्यांची आहे, पण जेथे संघर्ष चौथ्या-पाचव्या पातळीवर दडलेला असतो तेथे याचे मोल कळते. आधीच बसलेल्या एन्व्हायर्नमेंटसाठी 'पिपडेपट्री' उलट्या दिशेने चालवले की पायडँटिक कोण कोण मागते आणि कोणत्या अटीवर, हे एका दृष्टिक्षेपात समजते.

तळटीप

वरची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण प्रश्नकर्त्याला आज काय करायचे ते अजून कोणी सांगितलेले नाही. पायडँटिकच्या बाबतीत सुदैवाने एक मधला मार्ग त्या प्रकल्पानेच ठेवलेला आहे.

पायडँटिक २ च्या पॅकेजात 'पायडँटिक.व्ही१' या नावाखाली पहिल्या पिढीचा कोड जसाच्या तसा दिलेला आहे. बायनरी_वाचक यांनी गोबद्दल जे सांगितले तेच येथे उलट्या बाजूने केले आहे: नव्याला नवे नाव देण्याऐवजी जुन्याला वेगळे नाव दिले. त्याहून उपयोगी गोष्ट अशी की २०२४ मध्ये आलेल्या १.१०.१७ पासून पहिल्या मालिकेतही हेच नाव उपलब्ध आहे आणि तेथे ते मूळ वर्गांकडेच बोट दाखवते. याचा अर्थ 'पायडँटिक.व्ही१ मधून बेसमॉडेल घ्या' ही एकच ओळ दोन्ही मालिकांवर चालते.

म्हणून सामाईक-नमुने पॅकेजात करायचा बदल इतकाच: पायडँटिकमधून होणारे सर्व इम्पोर्ट पायडँटिक.व्ही१ मधून करायचे, बेससेटिंग्जसुद्धा, आणि मेटाडेटातील अट '१.१०.१७ किंवा त्यापुढील' अशी करून '२ च्या आतील' ही मर्यादा काढून टाकायची. जुन्या सेवा पायडँटिक १ वरच राहतील, फक्त त्यांना मालिकेतील शेवटच्या आवृत्त्यांपैकी एकीवर यावे लागेल. तुमच्या सेवेत पायडँटिक २ बसेल आणि सामाईक-नमुने त्याच्या पोटातील जुनी प्रत वापरेल. दुसऱ्या गटाची भीती संपूर्ण स्थलांतराबद्दल आहे. हे स्थलांतर नाही, त्यामुळे पॅचसोबत ही गोष्ट स्पष्ट लिहून पाठवा. माझ्या मते ते नाही म्हणणार नाहीत.

सरळ पायडँटिक २ कडे का जाऊ नये, असे कोणी विचारेल. जावे, पण घाईने नाही, कारण त्यातील काही फरक आरडाओरड करत नाहीत. पहिल्या मालिकेत एखादे फील्ड 'ऑप्शनल' म्हणून घोषित केले आणि डीफॉल्ट दिले नाही, तर ते न आल्यास आपोआप 'नन' होत असे. दुसऱ्या मालिकेत तेच फील्ड अनिवार्य ठरते, फक्त त्याचे मूल्य 'नन' असू शकते. पहिल्या मालिकेत मजकुराच्या फील्डात १२३ हा आकडा आला तर तो मुकाट्याने मजकुरात बदलला जाई. दुसऱ्यात मूळ सेटिंगनुसार तो नाकारला जातो. इम्पोर्ट एरर निदान पहिल्याच सेकंदाला दिसते. हे बदल मात्र अमुक एका ग्राहकाने अमुक फील्ड पाठवले नाही तेव्हाच दिसतात.

व्ही१ च्या मार्गाला दोन कुंपणे आहेत, तीही सांगून ठेवतो. व्ही१ चे मॉडेल दुसऱ्या मालिकेतील मॉडेलचे फील्ड म्हणून वापरता येत नाही. सीमेवर ते साध्या डिक्शनरीत बदलून पलीकडे पुन्हा उभे करावे लागते. आणि व्ही१ चा कोड पायथन ३.१४ पासून पुढे सुसंगत नाही, म्हणजे पायथनची आवृत्ती वाढवण्याची वेळ आली की खरे स्थलांतर टाळता येणार नाही. आणखी एक, अटीत '३ च्या आतील' अशी मर्यादा मात्र घालावी असे मी सुचवीन. जुनी प्रत कायमची राहील असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

जुनी_फांदी

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. लायब्ररीच्या मेटाडेटात न तपासलेल्या भविष्यावर मर्यादा घालण्याने नुकसान अधिक होते, आणि त्याचे कारण असमानता आहे. मर्यादा नसताना नवी आवृत्ती येऊन काही मोडले, तर वापरणारा आपल्या कन्स्ट्रेंट्स फाइलीत एक ओळ लिहून त्याच दिवशी सावरू शकतो. मर्यादा असताना ती अनावश्यक निघाली, तर पिप वापरणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही; त्याला मूळ लेखकाच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते, किंवा फोर्क करावा लागतो. त्यात प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा मेटाडेटा नंतर दुरुस्त करता येत नाही. अर्धविराम आज ज्या स्थितीत आहेत ती याचेच उदाहरण आहे, फरक एवढाच की त्यांच्या बाबतीत मर्यादा खरी निघाली.

तळटीप

तत्त्व मान्य आहे, आणि सर्वांसाठी खुल्या लायब्ररीत मीही तसेच करतो. पण येथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे हे अंतर्गत पॅकेज आहे, त्याचे लेखक हाकेच्या अंतरावर आहेत आणि नवी आवृत्ती काढणे हे एका दुपारचे काम आहे. दुसरे म्हणजे तुम्हीच सांगितलेला चोरदरवाजा अंतर्गत रजिस्ट्रीवर यँक करून बंद करता येतो. शिवाय ज्या लायब्ररीच्या मुद्दाम तात्पुरत्या ठेवलेल्या भागावर आपण उभे आहोत, तिच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीबद्दल साशंक राहणे याला न तपासलेली भीती म्हणता येणार नाही. पायडँटिक स्वतः पायडँटिक-कोअरवर नेमका आकडा बांधतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण ते दोघे खरोखरच एकमेकांत गुंतलेले आहेत.

लॉक फाइलचा प्रश्न राहिला. तिने संघर्ष सुटत नाही. लॉक फाइल म्हणजे एकदा सापडलेल्या उत्तराची नोंद, तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि बहुधा हॅशही असतात; उत्तरच अस्तित्वात नसेल तर नोंद कशाची करणार? मात्र तुमचा पहिला प्रसंग तिने नक्की टाळला असता, कारण लॉक फाइल तयार करताना सर्व मागण्या एकत्रच विचारात घ्याव्या लागतात आणि अपयश डेव्हलपरच्या संगणकावरच दिसले असते. सेवेसाठी लॉक फाइल ठेवा; सामाईक-नमुनेसाठी मेटाडेटातील अटी सैल पण खऱ्या ठेवा. आणि त्या खऱ्या आहेत याची खात्री करण्यासाठी त्या पॅकेजच्या चाचण्या दोनदा चालवाव्यात: एकदा पायडँटिक १.१०.१७ बसवून, एकदा आजचे सर्वांत नवे पायडँटिक बसवून. यूव्हीमध्ये थेट अवलंबनांच्या सर्वांत खालच्या आवृत्त्या निवडण्याचा पर्याय आहे, त्याने पहिली फेरी सोपी होते. खालची मर्यादा वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही, आणि '१.९ चालेल' असे लिहिलेल्या पॅकेजात १.१० मधील सोयी वापरलेल्या आढळणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

अर्धविराम

सर्वांचे आभार. तळटीप यांनी सांगितलेला बदल करून पॅच दुसऱ्या गटाकडे पाठवला आणि त्यांनी तो स्वीकारला. ३.५ ही आवृत्ती निघाली असून तिच्यात '१.१०.१७ किंवा त्यापुढील, ३ च्या आतील' अशी अट आहे. जुन्या अमर्याद आवृत्त्या अंतर्गत रजिस्ट्रीवर यँक करण्याचेही त्यांनी मान्य केले. डॉकरफाइलमध्ये आता एकच इन्स्टॉल ओळ आहे आणि तिच्यापाठोपाठ 'पिप चेक'. बिल्डच्या जुन्या नोंदींत तो इशारा खरोखरच होता, एका लांबलचक यादीच्या आणि 'यशस्वीरीत्या बसवले' या ओळीच्या मधोमध.

सेवा सुरू होते, क्लायंट लायब्ररी चालते. मात्र एक नवी गोष्ट आढळली आहे. चुकीची माहिती आलेली विनंती पूर्वी ४०० (विनंती चुकीची) हा प्रतिसाद देऊन परत जात असे, ती आता थेट ५०० (सेवेतच बिघाड) देते. सामाईक-नमुने पॅकेजाच्या चाचण्या दोन्ही मालिकांवर उत्तीर्ण होतात. हे कशामुळे असावे?

तळटीप

तुमच्या सेवेच्या कोडमध्ये 'व्हॅलिडेशन एरर' कोठून इम्पोर्ट केली आहे ते पाहा. ती 'पायडँटिक'मधून घेतलेली असणार. पायडँटिक २ बसलेले असताना त्या नावाने मिळतो तो दुसऱ्या मालिकेतील वर्ग, आणि सामाईक-नमुने पॅकेज फेकते तो व्ही१ मधील वर्ग. दोन्हींचे नाव तेच, पण त्यांच्यात वारशाचे नाते नाही, त्यामुळे तुमचा 'एक्सेप्ट' (अपवाद पकडणारा भाग) त्याला पकडत नाही आणि अपवाद वरपर्यंत जाऊन ५०० होतो. पायडँटिक १.१०.१७ वर ही दोन्ही नावे एकाच वर्गाकडे जातात, म्हणून जुन्या सेवांत हे दिसणार नाही. आणि पॅकेजाच्या स्वतःच्या चाचण्यांत सर्वत्र व्ही१ हेच नाव असल्यामुळे तेथेही दिसले नाही.

दोन्ही वर्ग 'व्हॅल्यू एरर'चे वंशज आहेत, त्यामुळे तीच पकडण्याचा मोह होईल, पण तसे करू नका. तिच्यात भलतेच अपवादही अडकतील आणि खऱ्या चुका ४०० म्हणून झाकल्या जातील. त्याऐवजी सामाईक-नमुनेने व्ही१ ची व्हॅलिडेशन एरर स्वतःच्या नावाखाली पुन्हा निर्यात करावी आणि सर्व सेवांनी ती तेथूनच घ्यावी. पुढे ते पॅकेज खऱ्या अर्थाने दुसऱ्या मालिकेत गेले तरी निर्यातीची ती एकच ओळ बदलेल. तोवर तुमच्या सेवेत दोन्ही वर्गांचा टपल देऊन एकाच 'एक्सेप्ट'मध्ये पकडा. मात्र आतला तपशील वाचताना काळजी घ्या: दोन्हींवर 'एरर्स' ही मेथड आहे, पण तिने दिलेल्या यादीतील 'टाइप'ची मूल्ये दोन मालिकांत वेगळी आहेत. फील्ड आलेच नाही तर व्ही१ 'व्हॅल्यू_एरर.मिसिंग' सांगते आणि दुसरी मालिका नुसते 'मिसिंग'. प्रतिसादात ती मूल्ये जशीच्या तशी बाहेर जात असतील, तर तुमच्या ग्राहकांचा कोडही त्यांवर अवलंबून आहे का ते विचारून घ्या.